बुंध्याची सपाट बाजू

४ फेब्रुवारी

दादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे बाजूला ठेवशील, म्हणून पहिल्याच ओळीत कामाचं लिहिते. अंगणातल्या शिरीषाचं बूड बघ. अगदी जमिनीलगत, चारी बाजूंनी. झाड निरोगी असलं की बुंधा जमिनीत शिरताना रुंद होत जातो, हत्तीच्या पायासारखा. एखाद्या बाजूने तो खांबासारखा सरळ खाली गेला असेल, सपाट दिसत असेल, तर मला कळव. माझा फोन तू उचलत नाहीस, पण तू केलास तर मी उचलीन.

झालं, कामाचं संपलं. आता नमस्कार टाकते, तो घ्यायचा की नाही ते तू ठरव.

घाबरण्यासारखं काही नाही. आमच्या इथल्या दातांच्या डॉक्टरांकडचा शिरीष गेल्या आठवड्यात पडला. वाऱ्याने पडला. तोही माझ्याच नर्सरीतला, तुझ्या झाडाच्याच खेपेतला, म्हणून सहज विचारलं. माझं वय झालं, एखादी गोष्ट डोक्यात शिरली की निघत नाही.

नर्सरी चालू आहे. माळीकाका गेले, तीन वर्षं झाली. गिऱ्हाइकं आहेत तशीच आहेत. परवा एक बाई आल्या आणि म्हणाल्या, सावलीसाठी झाड द्या, पण लवकर वाढणारं हवं, पानं गळता कामा नयेत, मुळं पसरता कामा नयेत, पक्षी बसून घाण करता कामा नयेत. मी म्हटलं, बाई, तुम्हाला छत्री हवी आहे, दुकान समोरच्या गल्लीत आहे. रागावून गेल्या. तू असतास तर हसला असतास.

तुझं झाड निवडताना मी तुझ्या रिकाम्या अंगणात तीन दिवस खुर्ची टाकून बसले होते, आठवतं का? ऊन कुठून कुठे सरकतं त्याच्या खुणा मी खुंट्या ठोकून केल्या होत्या. दुपारनंतरचं ऊन सरळ स्वयंपाकघराच्या भिंतीवर यायचं. म्हणून झाड पश्चिमेला, भिंतीपासून पंधरा पावलांवर. गुलमोहर ठिसूळ म्हणून नको, बकुळीची सावली दाट पण ती वाट बघायला लावते. तू म्हणालास, मला माझ्या हयातीत सावली हवी आहे. मग शिरीष ठरला. खोड उंच, खालून वारा मोकळा, पानं संध्याकाळी मिटतात. ती निवड चुकली नव्हती. निवड अगदी बरोबर होती, हे मी आजही म्हणेन.

त्या दिवशी वहिनीला सगळ्यांसमोर बोलले ते जरा जास्त झालं असेल. सात वर्षं झाली त्यालाही.

बूड मात्र बघ.

— ताई


१५ फेब्रुवारी

दादा,

तुझं कार्ड मिळालं. चारच ओळी आल्या, पण सात वर्षांत तेवढ्याच आल्या, म्हणून तीनदा वाचल्या. तिसऱ्यांदा वाचून लगेच लिहायला बसले, आणि हे पत्र कुरिअरने पाठवते.

तू लिहितोस की बूड दिसत नाही, कारण वहिनीने बुंध्याभोवती गोल ओटा बांधून घेतलाय. तू लिहितोस की त्या ओट्यावर तिचं पाळणाघर भरतं. चौदा मुलं. दुपारी जेवली की त्याच सावलीत चटया टाकून झोपतात. दादा, मला हे माहीत नव्हतं. मी गेले पंधरा दिवस तुझं अंगण रिकामं आहे असं धरून घाबरत होते.

तू असंही लिहितोस की, आधी झाड तोडू नका म्हणून तमाशा केलास, आता वहिनीचं काम नीट चाललंय तर झाड पाडा म्हणून तमाशा करणार. तसं वाटणं साहजिक आहे. तुझ्या जागी मी असते तर मलाही तसंच वाटलं असतं. पण मी काय सांगते ते ऐक.

डॉक्टरांचं झाड वाऱ्याने पडलं नाही. त्या दिवशी पान हलत नव्हतं. सकाळचे अकरा वाजले होते, दवाखाना भरलेला होता. झाडाखाली बाक आहे, नंबर येईपर्यंत लोक तिथे बसतात. एक आजोबा बसले होते. आतून त्यांचं नाव पुकारलं, ते काठी टेकत उठले, पायरीपर्यंत पोचले आणि मागे झाड आडवं झालं. कडकड नाही, मोडण्याचा आवाज नाही. डॉक्टर म्हणाले, एखादं माणूस चक्कर येऊन खाली बसावं तसं बसलं. बाकाचे तुकडे मी स्वतः पाहिले.

तुला आधी वारा म्हणून लिहिलं, कारण वारा म्हटलं की दोष वाऱ्यावर जातो. आता तसं लिहून चालणार नाही.

म्हणून हात जोडून सांगते. ओट्याची एक बाजू फोड, पश्चिमेकडची, आणि आत बघ. आणि बघायच्या आधी मुलांना आत घे. आजच. कारण काय सांगायचं ते तुझं तू ठरव. ओट्यात मुंग्या झाल्या म्हण, ओट्याचा रंग सुकतोय म्हण, काहीही म्हण, पण त्यांना तिथे झोपवू नका.

ऊन येईल, घर तापेल, मुलं कुठे खेळणार, हे मला कळतं. त्याचाही विचार मी केलाय. एका मोठ्या झाडाऐवजी तीन मध्यम झाडं लावता येतील. पश्चिमेला करंज, तो सोशिक असतो आणि त्याची सावली गार असते. कोपऱ्यात बकुळ, उशिरा मोठी होईल पण आपल्या सगळ्यांच्या मागे राहील. फाटकाजवळ कांचन, मुलांना फुलं वेचायला. मधल्या काळात ताडपत्रीचा मांडव. मी नकाशा काढून ठेवलाय, खुंट्यांच्या जागांसकट. तुझं अंगण मला अजून पाठ आहे.

पुढच्या महिन्यात वारे सुटतात. पण वाऱ्याची वाट बघू नकोस, डॉक्टरांच्या झाडाने बघितली नाही.

— ताई


२४ फेब्रुवारी

दादा, वहिनी,

पत्र दोघांना आहे, पण पाकिटावर वहिनीचं नाव मी मुद्दाम घातलंय. दादा, तू नऊ दिवसांत उत्तर दिलं नाहीस आणि मला तुझा स्वभाव माहीत आहे. माझी पत्रं कपाटात वरच्या फळीवर असतील आणि वहिनीला त्यातलं एक अक्षरही कळलं नसेल. वहिनी, आधी मुलांना आत घे. मग पुढचं वाच.

आता जे लिहिणार आहे ते लिहायला मी दोन आठवडे टाळाटाळ केली. मी स्वतः यायला हवं होतं. बस पाच तासांची आहे. गुडघे दुखतात हे खरं, पण गुडघ्यांसाठी कुणी थांबत नाही. मी तोंड दाखवायला घाबरले.

रोप पिशवीत वाढतं तेव्हा मुळं पिशवीच्या कडेला जाऊन आपटतात आणि गोल फिरायला लागतात. वर्षभरात ते जमिनीत गेलं तर काही बिघडत नाही. तुमचं रोप माझ्याकडे चार वर्षं पडून होतं. उंच होतं, डौलदार होतं, कुणी नेलं नव्हतं. असं जुनं रोप लावताना मातीच्या गड्ड्याला सुरीने चारी बाजूंनी चिरा द्यायच्या आणि गुंडाळलेली मुळं कापून मोकळी करायची, हे नर्सरीत पहिल्या दिवशी शिकवतात. नाही केलं तर ती मुळं तशीच गोल गोल जाड होत जातात आणि झाड वर वाढतं तसं खाली स्वतःचाच गळा आवळतं. वरून काही दिसत नाही. पानं हिरवी, सावली दाट, माणसं खुश.

झाड लावलं त्या दिवशी माळीकाका सुरी घेऊन खड्ड्याशी उभे होते. म्हणाले, ताई, मुळं मोकळी करू या. मी नको म्हटलं. मुळं कापली की झाड पंधरा दिवस मान टाकतं, पानं लोंबतात. आणि त्याच संध्याकाळी तुमचं नवं घर बघायला सगळे येणार होते. लोकांनी माझ्या झाडाखाली खुर्च्या टाकाव्यात, वर बघावं आणि विचारावं, हे कुणी निवडलं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. त्यांनी विचारलंही. सगळी संध्याकाळ मी तोऱ्यात होते. माळीकाका जाताना पुन्हा एकदा म्हणाले, तेव्हा मी त्यांच्यावर खेकसले.

इथवर लिहून थांबता आलं असतं. चूक झाली, सोळा वर्षांपूर्वीची, माफ करा, असं. पण पुढचं वाईट आहे.

वहिनी, सात वर्षांपूर्वी तू म्हणाली होतीस की वारा आला की झाडाजवळची जमीन पायाखाली वरखाली होते, मला भीती वाटते, झाड काढू या. घरात पंधरा माणसं होती. मी म्हटलं, “वहिनी, जमीन हलत नाही, तुझे पाय लटपटतात.” सगळे हसले. मग मी तुला भित्री म्हटलं, आणि सावलीची किंमत नसलेल्या घरात जन्मलीस असंही म्हटलं. दादाने मला त्याच दिवशी उंबरठा बंद केला. बरोबर केलं.

त्या दिवशी सकाळीच मी झाडामागे जाऊन बूड बघितलं होतं. पश्चिमेकडची बाजू तळहाताएवढी सपाट होती. मला कळलं होतं. तू बरोबर बोलत होतीस हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं, आणि म्हणूनच मी सगळ्यांत मोठ्याने हसले. झाड काढलं असतं तर मुळं वर आली असती, लोकांनी बघितली असती. माझ्या शब्दावर गावभर झाडं लागलेली आहेत. मला माझा शब्द वाचवायचा होता. तळहाताएवढंच आहे, निभेल, अशी मी मनाची समजूत घातली, आणि ती सात वर्षं पुरली.

आता तळहाताएवढं नसेल.

मी कुठलीच माफी मागत नाही, मागण्यासारखं तोंड नाही. नगरपालिकेत परवानगीचा अर्ज मी इथूनच पाठवलाय, झाडाच्या वर्णनासकट. झाड उतरवणारी माणसंही ठरवलीत. तुम्ही फक्त त्यांना फाटक उघडा.

— ताई


११ मार्च

दादा,

तुझ्या घरी दोन दिवस राहून आले आणि तू माझ्याशी एक शब्द बोलला नाहीस. म्हणून जे तिथे तोंडावर सांगायचं होतं ते पुन्हा कागदावर.

तू मागच्या खोलीत दार लावून बसला होतास, त्यामुळे पुढच्या खोलीत काय झालं ते तुला वहिनीने सांगितलं असेल, किंवा नसेल. पत्र मिळालं त्या दुपारी तिचा फोन आला होता. पहिल्यांदाच. ओरडली नाही, रडली नाही. म्हणाली, मुलं आत घेतली आहेत, रविवारी या, आणि हे पत्रात लिहिलंय ते माणसांसमोर सांगा. मी विचारलं, कुठल्या माणसांसमोर? ती म्हणाली, ज्यांची मुलं आहेत त्यांच्यासमोर.

बसमध्ये पाच तास मला झाडाची भीती वाटत होती. तुझ्या दारात पाय ठेवला तेव्हा कळलं की त्याहून मोठी भीती घरात बसली आहे. आया होत्या, दोन-तीन बाप होते, एक आजी नातवाला मांडीवर घेऊन. मी उभी राहिले आणि सांगितलं. पिशवी, सुरी, माळीकाका, ती संध्याकाळ, सपाट बाजू. वहिनीने पाण्याचा ग्लास पुढे केला, माझ्याकडे न बघता.

एक तरुण आई होती, बँकेत काम करते म्हणे. तिने शांतपणे विचारलं, “म्हणजे सात वर्षं तुम्हाला माहीत होतं?”

मी म्हटलं, “हो.”

तिने मुलाला उचललं, त्याचा डबा आणि चपला घेतल्या आणि निघून गेली. संध्याकाळपर्यंत चौदातली नऊ मुलं गेली. वहिनीने सात वर्षं जे उभं केलं ते मी पाऊण तासात रिकामं केलं. तू मागे बसून पावलं मोजत असशील.

झाड दुसऱ्या दिवशी सकाळी उतरवलं. तेव्हा तू बाहेर आलास. आधी वरच्या फांद्या घेतल्या, मग मधल्या. खोड कापायच्या आधी माणसांनी दोर बांधला आणि नुसता अंदाज घ्यायला ओढला. तीन माणसं होती. करवत अजून हातात घेतली नव्हती. ओटा मधून तडकला, वर उचलला गेला आणि सगळं खोड मुळासकट त्यांच्या बाजूला आलं. माणसं पळाली म्हणून वाचली. सोळा वर्षांच्या झाडाला जमिनीत एकही लांब मूळ नव्हतं. बुडाशी गोल भेंडोळं होतं, बादलीएवढं, पिशवीच्या आकाराचं. पिशवीच्या तळाची घडीसुद्धा मुळांत उमटली होती.

तू ते बघितलंस आणि आत गेलास. मी तुझ्या मागे आले नाही. वहिनी मात्र त्या खड्ड्याशी बसून राहिली. तिथेच म्हणाली की ओटा तिने मुलांसाठी बांधलाच नव्हता. जमिनीला भेग पडायला लागली होती, ती दिसू नये म्हणून बांधला. मी भित्री म्हटल्यावर तिला दर वाऱ्याला स्वतःचीच लाज वाटायची. मग तिने भेग झाकली, वर मुलं बसवली आणि रोज दुपारी मुलं झोपलेली असताना जागी बसून वर बघत राहिली. सात वर्षं एकदाही तिचा डोळा लागला नाही.

दादा, हे तिने तुला कधी सांगितलं होतं का? मला वाटत नाही. आपण दोघांनी मिळून तिला गप्प केलं. मी हसून, आणि तू भांडण मिटवायला फक्त मला बाहेर काढून.

अंगणात आता भट्टीसारखं ऊन आहे, मी बघून आले. रोपं पाठवते. एका वर्षाची, गुडघ्याएवढी. सावलीला आठ-दहा वर्षं लागतील. कुठली हवीत ते वहिनीने सांगावं, माझा नकाशा फाडून टाका.

— ताई


२ एप्रिल

दादा,

वहिनी माझ्याकडे आहे. चिठ्ठी ठेवून आली असं म्हणाली, पण तिची चिठ्ठी तू वाचली नसशील तर काळजी करत असशील, म्हणून लिहिते. परवा सकाळी पिशवी घेऊन दारात उभी राहिली. मी रोपांना पाणी घालत होते, नळी हातातून सुटली आणि दोघींचे पाय भिजले.

मला वाटलं, मन मोकळं करायला आली. चहा टाकला. ती म्हणाली, “वन्सं, माफ वगैरे मी काही केलेलं नाही. त्या खेपेत किती रोपं होती, ते सांगा.”

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. तुलाही नाही, आयांनाही नाही. सात होती. सगळी चार वर्षं पिशवीत होती, आणि तुमच्याकडे खपून गेलं म्हणून बाकीचीही मी तशीच देऊन टाकली. डॉक्टरांचं पडलं, तुमचं काढलं. एक वाचनालयाच्या आवारात होतं, ते गेल्या वर्षीच रस्ता रुंद करताना तोडलं गेलं. राहिली चार. त्यातलं एक इथल्या जुन्या शिक्षकांकडे सापडलं, त्यांना सांगितलं, ते उतरवतायत. तीन कुठे आहेत मला माहीत नाही. एक जोडपं होतं, दोघंही जाड चष्म्याचे. एक माणूस हातगाडीवर घेऊन गेला. तिसऱ्याचं तर काहीच आठवत नाही. झाड नेताना सगळ्यांनीच मला विचारलं होतं, ताई, हे पडणार नाही ना, घराजवळ लावतोय. आणि मी म्हटलं होतं, निर्धास्त राहा.

रात्रंदिवस तेच डोक्यात आहे. कुठल्यातरी अंगणात तीन दाट, हिरवी, सुंदर झाडं उभी आहेत आणि त्यांच्याखाली माणसं माझ्या भरवशावर बसली आहेत.

मी हे सगळं सांगितल्यावर वहिनी चहा संपवून उठली. म्हणाली, चला, तुम्हाला बूड बघता येतं, मला जमीन कळते. दोघींचं मिळून एक काम होईल.

तीन दिवस आम्ही हिंडतोय. वर बघत चालतो, त्यामुळे मी दोनदा ठेचकाळले. शिरीष दिसला की फाटक वाजवायचं. लोक आम्हाला काय समजतात कोण जाणे. काल एकाने कुत्रा सोडला. अकरा झाडं बघून झाली, सगळी चांगली निघाली, आणि दर वेळी मला सुटल्यासारखं वाटण्याऐवजी जास्तच धडकी भरली. कारण तीन अजून आहेतच.

आज दुपारी नव्या वस्तीच्या मागच्या गल्लीत एक सापडलं. बंगला छोटा, झाड त्याच्यावर पसरलेलं. खाली एक बाई खुर्चीत बसून तान्ह्या बाळाला भरवत होती. भिंतीच्या कट्ट्यावर, वाळत घातलेल्या कपड्यांशेजारी जाड भिंगांचा चष्मा ठेवलेला होता, कुणीतरी काढून विसरलेला. मी फाटकातच थांबले. वहिनी पुढे गेली. त्या बाईशी काहीतरी हसून बोलली, चपला काढल्या आणि अनवाणी झाडाजवळ जाऊन उभी राहिली. वारा अगदी बेताचा होता. ती डोळे मिटून उभी होती. मग तिने मागे वळून माझ्याकडे बघितलं. सात वर्षांपूर्वी त्या खोलीत बघितलं होतं तसं नाही. या वेळी ती माझ्या तोंडून काय निघतं याची वाट बघत होती.

ती बाई विचारत होती, कोण तुम्ही, काय हवंय?

मी आत गेले आणि म्हटलं, “आधी बाळाला घेऊन घरात चला. मी कोण आहे ते आत सांगते.”

— ताई